दगडावैनीची वजडी

माझ्या वैनीच्या आधी तिच्या आईची तीन मुलं पाळण्यातच गेली होती. चौथी तरी राहावी म्हणून तिचं नाव दगडा ठेवलं. ती राहिली. तासगावच्या बाजूला तिचं माहेर, हळदीचा आणि पानमळ्यांचा मुलूख. आमचं गाव लोणंदपासून दोन कोसांवर, बाजरीचं नि मेंढरांचं. एकोणचाळीस साली माझ्या थोरल्या भावाशी, आकारामअण्णाशी तिचं लग्न झालं तेव्हा मी दहा वर्षांची होते. वडील मला आठवतही नाहीत. घरात आई, अण्णा आणि मी, एवढीच माणसं. वैनी आली आणि चार झालो.

आई माळकरी होती. तिच्या चुलीवर अंडंसुद्धा चढलं नाही. अण्णाला मात्र मटणाची भारी ओढ. तो बाहेर कुठंतरी, भावकीत, मळ्यावर खाऊन यायचा आणि हात-तोंड धुऊन मगच उंबरा ओलांडायचा.

लग्नानंतर दोनेक महिन्यांनी तो लोणंदच्या बाजारातनं पळसाच्या पानात काहीतरी बांधून घेऊन आला. घरात शिरला नाही. गोठ्यामागं उभा राहून त्यानं मला हाक मारली.

"शाले, तुझ्या वैनीला इचार, वजडी करायला येती का?"

चांगलं मटण पैसेवाले नेत. वजडी, खूर, मुंडी, रक्ती असलं मागं राही आणि ते आमच्यासारख्यांच्या घरी येई. वैनीनं येऊन पान सोडलं. हिरवट काळी, शेणाचा वास मारणारी ती बकऱ्याच्या पोटाची पिशवी बघून मी नाक दाबून धरलं. वैनीनं आपला पदर कमरेला खोचला.

"वन्सं, घरात चुना हाय का? आन् पाणी तापत ठिवा."

नवऱ्याशी ती तेव्हा थेट बोलत नसे. जे सांगायचं ते मला. तिनं तीन दगड मांडून चूल केली, कढत पाण्यात वजडी बुडवली, चुना चोळला आणि सुरीनं खरवडायला बसली. काळी साल सुटत गेली, खालनं पांढरीशुभ्र, मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जाळी निघाली. सात वेळा पाणी बदललं तिनं, मी मोजत होते. मग कांदा नि खोबरं निखाऱ्यात भाजून पाट्यावर वाटलं, माहेरनं आणलेली चटणी घातली आणि मडक्यावर झाकण ठेवलं. वास सुटला तशी आई तोंडानं पांडुरंग पांडुरंग करत पुढच्या अंगणात जाऊन बसली. पण "करू नका" म्हणाली नाही.

अण्णानं बाजरीची भाकरी कुस्करली आणि पहिला घास घेऊन थांबला.

"शाले, तुझ्या वैनीला म्हणावं, तू बी बस. गरम हाय तवरच खायाची असती ही."

नवऱ्यासोबत बायकोनं जेवायला बसणं आमच्याकडं नव्हतं. वैनीनं माझ्याकडं बघितलं, मी हसले, आणि ती बसली. गोठ्याच्या भिंतीमागं कोण बघणार होतं?

वजडी चावायची असते. दाताखाली ती आधी नाही म्हणते, मग कचकचते, मग हळूहळू तिचा रस सुटतो. अण्णाचा जबडा रुंद होता, दात एकाला एक लागलेले. उसाचं कांडं सोलायला त्याला कधी कोयता लागला नाही. तो डोळे मिटून चावायचा आणि कानशिलं हलायची, ते बघून आम्ही दोघी पोट धरून हसायचो. त्या दिवसापासनं दर बाजाराला गोठ्यामागं चूल पेटायला लागली. कधी खूर, कधी मुंडी, कधी मिठात गोठवलेली रक्ती कांद्यावर परतून. वैनीचं बोलणंही माझ्यावरनं थेट त्याच्यावर गेलं. "आवं, आणखी घ्या की," असं ती पहिल्यांदा म्हणाली तेव्हा अण्णा ठसकला होता.

एक्केचाळीसच्या आरंभी आमच्या गावातनं नऊ जण पलटणीत गेले, त्यात अण्णा होता. वैनीला मूलबाळ झालेलं नव्हतं. बेळगावला शिकून तो बोटीनं देशाबाहेर गेला. पत्रं यायची, कुणा दुसऱ्या शिपायाच्या अक्षरातली. चौथीपर्यंत शिकलेली मीच, म्हणून वाचायचं काम माझं. एका पत्रात होतं, "इथे डब्यातले मटण मिळते. गार आणि मऊ असते. दातांना काम नाही. घरच्यांस सांगणे की वजडीची याद होते." घरच्यांस म्हणजे वैनीला. तिनं ती ओळ माझ्याकडनं चार वेळा वाचून घेतली आणि मग "बास, बास," म्हणत शेणी थापायला गेली.

तो नसताना गोठ्यामागची चूल पेटली नाही. दगड तिथंच होते, त्यावर कोंबड्या बसायच्या.

चव्वेचाळीसच्या दिवाळीच्या सुमाराला सरकारी कागद आला. इटली नावाच्या मुलखात अण्णा जखमी झाला होता. कुठं लागलंय, किती लागलंय, काही लिहिलेलं नव्हतं. आई म्हणाली, "हात गेला आसंल तरी चालंल, पाय गेला आसंल तरी चालंल. जीव हाय न्हवं?" पुढं सहा-सात महिने तो कुठल्या कुठल्या दवाखान्यांत होता. शेवटी पुण्याच्या लष्करी दवाखान्यातनं पत्र आलं, अमक्या तारखेला गाडीनं येतो.

वैनी आदल्या दिवशीच नियाज मुलाण्याकडं जाऊन आली. गावात बकरं कापायचं काम नियाजचं, आणि त्याची म्हातारी आई रहिमतबी सगळ्या गावाची बाळंतपणं करायची. नियाजनं चांगल्या बकऱ्याची वजडी बाजूला ठेवली. त्या दिवशी पहाटेपासनं वैनी गोठ्यामागं होती. मडकं उतरवून, निखाऱ्यावर झाकून ठेवूनच ती आमच्याबरोबर स्टेशनाला जायला बैलगाडीत बसली. सगळ्या वाटेत तिच्या हाताला लसणीचा वास येत होता.

अण्णा आगगाडीतनं उतरला तेव्हा आम्ही त्याला ओळखला तो त्याच्या चालीवरनं. वैशाखाचं ऊन आणि ह्यानं नाकापासनं गळ्यापर्यंत मफलर गुंडाळलेला. आईनं पुढं होऊन त्याच्या गालावरनं हात फिरवायला हात उचलला, तसा तो मागं सरला. मग वाकून तिच्या पायांवर डोकं ठेवलं, पण बोलला काहीच नाही. बैलगाडीत तो मागच्या तोंडाला, आमच्याकडं पाठ करून बसला.

घरी आल्यावर वैनीनं ताट वाढलं. गोठ्यामागं, नेहमीच्या जागी. मी पाण्याचा तांब्या घेऊन गेले तेव्हा त्यानं मफलर सोडला होता. खालचा जबडा डावीकडनं निम्मा नव्हताच. गाल आत ओढून शिवलेला, ओठ एका बाजूला खाली ओघळलेला, आणि जे दात मी लहानपणी मोजले होते त्यातले वरचे काही तेवढे दिसत होते. तोंडाच्या कडेनं लाळ येत होती आणि ती तो सारखा मफलरानं टिपत होता.

त्यानं ताटाकडं पाहिलं, मग वैनीकडं. एक तुकडा उचलून तोंडात ठेवला. चावायला गेला आणि त्याचा सगळा चेहरा कळवळला. तो तुकडा जिभेवर तसाच धरून तो बसून राहिला, गिळता येईना, थुंकवेना. डोळ्यांतनं पाणी चाललं होतं. वैनीनं हात पुढं केला, तळवा त्याच्या ओठाखाली धरला.

"टाका हतं," ती म्हणाली. "टाका. म्या न्हाई बगत."

आणि तिनं खरंच मान फिरवली.

ताट उचलून ती परसाच्या कडेला गेली, वजडी कुत्र्यांपुढं टाकली आणि मडकं दगडावर आपटून फोडलं. मला तिचा तसला राग पुन्हा कधी दिसला नाही.

दवाखान्याचा कागद मग त्याच्या पिशवीत निघाला, मी तो वाचून दाखवला: पातळ द्यायचं, मऊ द्यायचं, टणक काही देऊ नका, जखमेतलं हाड अजून कच्चं आहे. महिनाभर अण्णा पेज आणि दूध पीत राहिला. ताठ चालणारा माणूस काठीसारखा वाळला. बोलायचा ते नुसते स्वर यायचे, आईलाही कळत नसे. वैनीला मात्र आठ दिवसांत कळायला लागलं. बाकीच्यांना ती उलगडून सांगायची, "पाणी मागत्यात," "म्हशीला उन्हातनं काडा म्हणत्यात."

एक दिवस ती मला घेऊन रहिमतबीकडं गेली.

"चाची, ज्याला चावता येत न्हाई त्याला अंगात भरंल आसं काय घालावं?"

रहिमतबीनं तिला खाली बसवलं. "दात न्हाईत म्हून का माणूस जेवत न्हाई? माजं बग की," असं म्हणून तिनं आपलं बोळकं उघडून दाखवलं. मग सांगितलं. बकऱ्याचे खूर जाळावर भाजून खरवडायचे, ठेचून मडक्यात टाकायचे, मिरी, आलं, हळद, मीठ. सकाळी ठेवलेलं मडकं दिवस कलला की उतरवायचं. जाळ कसा, तर दिव्याच्या वातीएवढा. "आन् फडक्यातनं गाळून घे बेटी. हाडाची कपरी ऱ्हाता कामा न्हाई."

गोठ्यामागची चूल पुन्हा पेटली. खुरांचा तो चिकट, ओठाला ओठ लावणारा रस अण्णा वाटीनं प्यायला. भेजा तर नुसता जिभेवर विरायचा. काळीज ती उकडून पाट्यावर वाटायची आणि तुपात हलवायची. रक्ती बोटांनी रव्यासारखी बारीक करायची. नियाज असलं सगळं तिच्यासाठी राखून ठेवायला लागला.

पण अण्णा कुणासमोर जेवत नव्हता. रस हनुवटीवरनं ओघळायचा, ते कुणी पाहिलेलं त्याला सोसायचं नाही. वैनीनं गोठ्याची भिंत नि बाभळ यांच्यामध्ये एक जुनं घोंगडं बांधलं. तरी तिच्यासमोरही तो खाईना. तेव्हा ती त्याच्या पाठीला पाठ लावून बसली. तो पूर्वेला तोंड करून जेवायचा, ती पश्चिमेला. दोघांच्या पाठी एकमेकांना टेकलेल्या. मी एकदा घोंगड्याआडनं डोकावले तर ती तशीच बसून म्हशीच्या दुधाबद्दल बोलत होती आणि तो मागनं हुंकार देत होता. तिच्या ताटातही वाटलेलंच काळीज होतं. त्याला चावता येत नाही तर आपल्या दातांचा आवाज त्याला ऐकू जाऊ नये, म्हणून ती स्वतःसाठी वेगळं करतच नव्हती.

वजडी तिनं बरेच दिवस घरात आणली नाही. मग एकदा आणली. दुपारपर्यंत शिजवली आणि पाट्यावर वरवंट्यानं रगडत राहिली. वजडी काही वाटली जात नाही, घामानं तिची चोळी भिजली. संध्याकाळी ते मऊसूत कालवण अण्णापुढं ठेवलं. त्यानं बोटानं चाटलं, काहीतरी बोलला, आणि खांदे हलायला लागले. मी घाबरले. पण तो हसत होता. वैनीही हसायला लागली.

"काय म्हणाला?" मी विचारलं.

"म्हणत्यात, लढाईत माजं झालं न्हाईत एवढं हाल तू ह्या वजडीचं केलंस."

सेहेचाळीस साली माझं लग्न झालं. सांगलीचे लोक, माझे मालक हळदीच्या पेठेत कामाला. माझ्या लग्नात अण्णा मफलर गुंडाळून सगळ्यांना पाणी वाढत हिंडला, पंगतीला बसला नाही. मी सासरी गेले ते डोळे पुसत, पण मनात एक समाधान होतं की अण्णाच्या अंगावर पुन्हा मांस चढलंय आणि तो शेतावर जातोय.

पुढच्या चैत्रात गावच्या जत्रेला मी माहेरी आले. भावकीनं देवापुढं बकरं कापलं होतं, वाटे घरोघर गेले होते. वजडी आमच्याकडं आली, कुणी मागितलीच नव्हती. दुपारी घोंगड्यापलीकडनं वैनीचा दबका आवाज आला.

"न्हाई म्हणती न्हवं. डाक्टरनं काय सांगितलंय?"

अण्णाचे ते स्वर. बराच वेळ. मग ताट सरकवल्याचा आवाज.

मी भांडी घासायला तिकडनं गेले तेव्हा वाऱ्यानं घोंगडं हललं आणि मला दोघं दिसली. त्या दिवशी ती समोरासमोर बसली होती. वजडीचे तुकडे ताटात तसेच, न वाटलेले. अण्णा उजव्या बाजूच्या उरल्यासुरल्या दातांनी सावकाश, डोळे मिटून चावत होता. वैनी चावत नव्हती. ती नुसती त्याच्याकडं बघत होती. मला वाटलं, बरं झालं, आता बरा झाला हा.

चौथ्या दिवशी त्याचा गाल सुजला. मग ताप चढला. जुना व्रण आतनं फुटला होता आणि त्यातनं हाडाच्या कपच्या नि पू येत होता. लोणंदच्या डॉक्टरांनी बघून मान हलवली, म्हणाले, पुण्याला लष्करी दवाखान्यात न्या, आजच्या आज. गाडी दुपारची होती. स्टेशनच्या बाकावर वैनीनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं, ओल्या फडक्यानं ओठ भिजवत राहिली. गाडीला अजून अर्धा तास होता तेव्हा त्यानं तिच्याकडं बघून काहीतरी म्हटलं. आई म्हणाली, "काय म्हणतोय गं?" वैनीनं सांगितलं नाही. गाडी आली तोवर अण्णा गेला होता.

दहाव्याला निरेच्या काठी पिंड ठेवला. आमच्याकडं कावळा शिवेपर्यंत माणसं उन्हात उभी राहतात, गेलेल्याची काय इच्छा राहिली असेल ती एकेक बोलून दाखवतात, वचन देतात. त्या दिवशी ती वेळच आली नाही. भटजी मागं सरले नाहीत तोच कावळा उतरला आणि पिंडाला शिवला. भावकीतले नानासो म्हणाले, "भाग्याचा जीव! काय बी मागं ठिवलं न्हाई त्यानं." सगळ्यांना बरं वाटलं. वैनी मात्र तिथंच वाळूत बसली आणि तोंडात पदर कोंबून असली रडली, की दोघींनी धरून तिला वर आणावी लागली. नवरा गेला तेव्हासुद्धा ती अशी रडली नव्हती.

घरी आल्यावर आई ओसरीवर माळ ओढत होती. वैनी तिच्यापुढं जाऊन बसली. मी दाराशी होते.

"आत्याबाई, म्या दिली," ती म्हणाली.

"काय दिलीस?"

"वजडी. न वाटता. जत्रंच्या दिवशी. डाक्टरनं नगं सांगितलंवतं, मला ठावं हुतं. चावू देऊ नगा म्हणलंवतं. ते म्हणलं, एकदा चावून खाऊ दे, कुत्र्यागत चाटून लय झालं. म्या दिली. माज्या हातानं वाढली. त्यानंच झालं. इच्छा ऱ्हायलीच न्हाई, म्हून कावळा बी लगीच शिवला."

आईची माळ थांबली. मला वाटलं आता ही हिला घरात ठेवत नाही. ज्या पदार्थाच्या वासानं ती अंगण गाठायची, त्यानंच तिचा एकुलता एक मुलगा नेला होता. कोंबड्या ओसरीवर चढून आल्या तरी कुणी हाकलल्या नाहीत.

मग आईनं विचारलं, "त्यानं मागितलीवती?"

"व्हय."

"ग्वाड लागली का त्येला?"

वैनीनं वर पाहिलं. "लागली, आत्याबाई. लय ग्वाड लागली. डोळं मिटून खाल्ली."

आईनं मान डोलावली. माळेचा मणी पुन्हा सरकला, पण तिच्या ओठांवर नाव नव्हतं. थोड्या वेळानं तिनं डावा हात वैनीच्या डोक्यावर ठेवला आणि तो तसाच राहू दिला.

तेराव्यानंतर मी सांगलीला निघाले. वैनीला म्हटलं, "चल माझ्याबरोबर चार महिने. तुझं माहेरबी तिकडंच हाय." ती म्हणाली, "आत्याबाईंना दोन दिवसांत घास गेला न्हाई. म्या गेल्यावर त्यांला कोण भरवंल?" मला वाटेला लावायला ती वेशीपर्यंत आली. तिथनं ती घराकडं वळली नाही. खुरपं पदरात होतंच. बांधाबांधानं ती आमच्या जमिनीच्या तुकड्याकडं गेली, आणि माझी गाडी वळणाआड जाईपर्यंत तिची वाकलेली पाठ मला दिसत होती.